अंगणातले सामने : कोणी रिकामं उभं राहू नये म्हणून

दिवाळीची सुट्टी जवळ आली की १३ ते १७ वयाच्या मुलांचं काय करायचं, हा प्रश्न घरोघरी येतो. या वेळच्या टपालात घरच्या अंगणात किंवा सोसायटीच्या आवारात संघांचे सामने भरवण्याबद्दल बरीच पत्रं आली. एकसारखे प्रश्न एकत्र करून त्यातले सात इथे घेतले आहेत.

प्रश्न : घरामागे साधारण ४० बाय ३० फुटांचं मातीचं अंगण आहे आणि पुढे पोर्च. मुलीच्या वर्गातली आणि आळीतली मिळून २४ मुलं-मुली येतील. संघ किती करावेत आणि दिवस कसा आखावा? – एक आई, सहकारनगर

सहा-सहा जणांचे चार संघ करा. तीन संघ केले तर एक संघ कायम कठड्यावर बसून राहतो. चौघांचे सहा संघ केले तर प्रत्येकाने प्रत्येकाशी खेळायला १५ सामने लागतात आणि सगळी सकाळ त्यातच जाते. चार संघांना सहाच सामने पुरतात. या वयाच्या मुलांचा उत्साह हरण्याने जात नाही. तो जातो ताटकळण्याने. दहा मिनिटं रिकामी मिळाली की मोबाईल बाहेर येतो, आणि मग त्यांना परत मैदानात आणणं महाकठीण.

म्हणून दोन जागा एकाच वेळी चालवा. अंगणात लगोरी, पोर्चमध्ये बसून किंवा उभ्याने करायचं एक काम. संघांना अ, ब, क, ड म्हणू. पहिल्या पाळीत अ-ब लगोरी खेळतात, तेव्हा क-ड पोर्चमध्ये. दुसऱ्या पाळीत उलट. तिसऱ्या-चौथ्या पाळीत अ-क आणि ब-ड, पाचव्या-सहाव्या पाळीत अ-ड आणि ब-क, अशाच अदलाबदलीने. एक पाळी १२ मिनिटांची : आठ मिनिटं खेळ, चार मिनिटं जागा बदलायला आणि पाणी प्यायला. ७२ मिनिटांत प्रत्येक संघ बाकी तिन्ही संघांशी दोन्हीकडे खेळून होतो आणि एकही संघ एकही पाळी बसत नाही. हा तक्ता मोठ्या कागदावर लिहून भिंतीवर लावा, म्हणजे “आता आमचं कुठे?” हे कोणी विचारणार नाही.

दिवसाची वेळ अशी ठेवा : आठला जमणं, साडेआठला नियम आणि अंग मोकळं करणं, ८:५० ते १०:०५ या सहा पाळ्या, मग वीस मिनिटं सरबत, त्यानंतर सगळ्यांनी मिळून पाहायचे दोन खेळ आणि साडेबाराला जेवण. दुपारी शेजारची मंडळी आडवी होण्याआधी आवाज थांबलेला बरा.

संघ पाडताना दोन कप्तानांना उभं करून “तू कोणाला घेतोस?” हे अजिबात करू नका. शेवटी उरलेल्या मुलाला ते वर्षभर आठवतं. तीन वाडगे घ्या : १३-१४ वर्षांची, १५ची, १६-१७ची. प्रत्येक वाडग्यातून चिठ्ठ्या काढून चारही संघांत आलटून-पालटून वाटा. सख्खी भावंडं एका संघात आली तर बदला, ती एकमेकांशीच भांडत बसतात. जिवलग मैत्रिणी एकत्र आल्या तर राहू द्या. जो कोणालाच ओळखत नाही, त्याच्या संघात त्याच्या ओळखीचा निदान एक तरी हवा. तेवढी एक चिठ्ठी हळूच बदलली तरी चालेल.

प्रश्न : आमची मुलं लिंबू-चमचा आणि पोत्यांच्या शर्यतीला “बालवाडी” म्हणतात. त्यांना आवडतील असे खेळ कोणते? साहित्यही सांगा. – एक काका, कोथरूड

त्यांचं बरोबर आहे. या वयात एकट्याने धावून सगळ्यांसमोर पडायची लाज वाटते. सहा जणांनी मिळून पडायची मात्र मजा वाटते. म्हणून जिथे कोणा एकाच्या वेगापेक्षा सगळ्यांचा मेळ लागतो, असे खेळ निवडा. वर सांगितलेल्या वेळापत्रकात बसणारे हे पाच.

*लगोरी.* लाकडी चकत्यांचा तयार संच घ्या. शहाबादीचे तुकडे वापरायचे तर कडा कानशीने घासून बोथट करा, नाहीतर बोटं कापतात. मध्यभागी तीन फूट व्यासाचं वर्तुळ, फेकायची रेघ १५ फुटांवर. चेंडू साधा, थोडा वापरलेला टेनिसचा. क्रिकेटसाठी टेप गुंडाळलेला चेंडू नको, तो लागतो. चेंडू कमरेखालीच मारायचा, वर लागला तर मारणाऱ्याची फेक बाद. एका डावात तीन फेकी, लगोरी फुटल्यावर रचायला ९० सेकंद. प्रत्येक संघाला दोन डाव, म्हणजे आठ मिनिटांत सामना उरकतो. वेळेची मर्यादा घातली नाही तर एकच डाव दहा मिनिटं लांबतो आणि सगळं वेळापत्रक कोलमडतं.

*कागदाचा मनोरा* (पोर्च, पहिल्या दोन पाळ्या). प्रत्येक संघाला वर्तमानपत्राचे दहा मोठे कागद आणि एक मीटर चिकटपट्टी. सात मिनिटांत शक्य तितका उंच मनोरा, आणि त्याच्या टोकावर एक लिंबू दहा सेकंद टिकलं पाहिजे. मुलं कागद सैल गुंडाळतात आणि मनोरा कमरेत वाकतो. कागद कोपऱ्यापासून तिरका, पेन्सिलीभोवती घट्ट गुंडाळला तर नळी काठीसारखी ताठ होते. चौकोनी सांगाडा बाजूला कलतो, त्रिकोणी कलत नाही, कारण त्रिकोणाच्या बाजूंची लांबी बदलल्याशिवाय त्याचा आकार बदलत नाही. हे आधी सांगू नका, दुसऱ्या संघाचा मनोरा पाहून त्यांचं त्यांना कळतं. पंखा बंद ठेवा.

*नळी आणि गोटी* (तिसरी-चौथी पाळी). सव्वा इंची पीव्हीसी पाईप, २० फूट. प्लंबरकडून उभा चिरून दोन फुटांचे तुकडे करून घ्या. एका पाइपातून २० पन्हळी निघतात, दोन संघांना १२ लागतात, बाकीच्या जादा. कडा पॉलिश पेपरने घासा. सहा जणांनी पन्हळीला पन्हळ लावून गोटी ३० फूट न्यायची. ज्याची पन्हळ रिकामी झाली त्याने धावत पुढे जाऊन रांगेत लागायचं. पडली की पहिल्यापासून. गोटी पडते ती नेहमी सांध्यावर. दोघं पन्हळींची टोकं समोरासमोर भिडवतात आणि मध्ये फट राहते. मागच्या पन्हळीचं टोक पुढच्याच्या आत, बोटभर वर टेकलं तर गोटी सरकन उतरते. उतार जास्त झाला तरी ती उडी मारून बाहेर जाते.

*सहा दोऱ्यांचा चिमटा* (पाचवी-सहावी पाळी). एका जाड रबरबँडला सहा फुटांच्या सहा दोऱ्या बांधा. प्रत्येकाने आपल्या दोरीचं टोक धरायचं, ग्लासला हात लावायचा नाही. सगळ्यांनी ओढलं की रबर रुंदावतं, सैल सोडलं की ग्लासला पकडतं. अशा रीतीने सहा प्लास्टिकचे ग्लास ३-२-१ असे रचायचे. रबर आदल्या दिवशी ग्लासवर चढवून पाहा. जुनं रबर तिसऱ्या खेपेला तुटतं, म्हणून असे चार चिमटे तयार ठेवा.

*सहा जणांचे सात पाय.* सरबतानंतरचा खेळ, आणि आमच्या मते दिवसातला सगळ्यात चांगला. सहा जण खांद्याला खांदा लावून ओळीत उभे राहतात, शेजारशेजारचे पाय घोट्याच्या वर जुन्या ओढणीच्या पट्टीने बांधतात. एक बोट आत जाईल इतकी सैल गाठ हवी. सुतळीने बांधू नका, कातडी सोलवटते. अंतर ३० फूट, एका वेळी दोन संघ, घड्याळ लावून. पहिल्या खेपेला जवळजवळ प्रत्येक संघ पाच फुटांत कोसळतो, कारण कोणीतरी “डावा, उजवा!” असं ओरडत असतो. इथे तो हुकूम चालूच शकत नाही. पहिल्याचा उजवा पाय दुसऱ्याच्या डाव्याला बांधलेला आहे, त्यामुळे पहिल्याने उजवा उचलला तर दुसऱ्याने डावाच उचलायला हवा. त्याऐवजी “एक, दोन” म्हणायचं. ‘एक’ला पहिला, तिसरा, पाचवा उजवा पाय टाकतात आणि दुसरा, चौथा, सहावा डावा, ‘दोन’ला उलट. सरावाला तीन मिनिटं द्या आणि हे कोडं त्यांनाच सोडवू द्या.

खो-खो आणि कबड्डीचा मोह होईल. खो-खोचे पहिले नियम पुण्यातच, डेक्कन जिमखान्याने बांधले, त्यामुळे अभिमानही आहे. पण खो-खोचं मैदान २७ मीटर लांब असतं आणि तुमचं अंगण १२. छोट्या जागेत वळणावर मुलं एकमेकांवर आदळतात. हे खेळ शाळेच्या मैदानासाठी ठेवा.

प्रश्न : सोसायटीत रस्सीखेच ठेवायची आहे. पार्किंगमध्ये पेव्हर ब्लॉक आहेत. दोर कसला आणि किती लांबीचा घ्यावा? – सांस्कृतिक समितीचे सदस्य, बाणेर

आधी जागेचं. पेव्हर ब्लॉकवर, फरशीवर किंवा गच्चीवर रस्सीखेच नको. हरणारा संघ पुढे घसरतो आणि जिंकणारा एकदम मागे पडतो, डोकं आपटण्याचा धोका जिंकणाऱ्यालाच जास्त. बागेतला गवताचा किंवा मातीचा पट्टा शोधा. तो नसेल तर हा खेळच वगळा.

पाच-पाच जणांना ३६ फूट दोर पुरतो, दोन्ही संघांच्या शेवटच्या गड्यामागे कमीत कमी सहा फूट मोकळं हवं. सहकारनगरच्या ताईंनी लक्षात घ्यावं : ४० बाय ३० च्या अंगणात तो लांबीच्या बाजूने बसत नाही, पण कोपऱ्यातून कोपऱ्यात ५० फूट मिळतात. तिरका आखा.

जाडी सव्वा इंचाच्या आसपास हवी, मुठीत भरेल अशी. दोर सुती किंवा तागाचा घ्या. रविवार पेठेत बोहरी आळीच्या आसपास दोरखंडाच्या दुकानांत तो वारावर किंवा किलोवर मिळतो. नायलॉनचा दोर स्वस्त आणि मजबूत दिसतो, पण तो ताणला जातो. तुटला किंवा सुटला की साठलेला ताण घेऊन चाबकासारखा उलटा येतो, आणि हातातून सरकला तर तळवा भाजतो. काथ्याचा टोचतो. कपडे वाळत घालायची दोरी चार पदरी करून वापरणं तर धोक्याचंच.

दोराच्या मध्यावर लाल फडकं, दोन्ही बाजूंना चार-चार फुटांवर पांढरी पट्टी, जमिनीवर मधली रेघ. ज्याची पांढरी पट्टी मधल्या रेघेपलीकडे गेली तो हरला. एक ओढ जास्तीत जास्त एक मिनिट, तीनपैकी दोन जिंकायच्या, मध्ये दोन मिनिटं विश्रांती. इथे सगळ्यांनी सगळ्यांशी ओढू नये, हात सोलतात. दोन उपांत्य, तिसऱ्या जागेसाठी एक आणि अंतिम, असे चार सामने बस्स.

तीन गोष्टी पंचाने प्रत्येक सामन्याआधी मोठ्याने सांगायच्या : दोर हाताला किंवा मनगटाला गुंडाळायचा नाही, टोकाला फास करून कमरेत अडकवायचा नाही, आणि समोरच्याला पाडायला दोर एकदम सोडायचा नाही. हाताला गुंडाळलेल्या दोराने बोटं चिरडतात, तुटतातही. हे स्पष्ट सांगा, मुलं ऐकतात.

संघ समतोल करायला वजनकाटा आणू नका. पंधरा वर्षांच्या मुलीला किंवा मुलाला मित्रांसमोर काट्यावर उभं करणं अन्यायाचं आहे. नजरेने पाहा आणि फरक फार वाटला तर हलक्या संघाला एक गडी जास्त द्या. हलका संघ जिंकतोही, जर सगळ्यांचे हात सरळ, अंग मागे कललेलं, टाचा रोवलेल्या आणि एकाच्या हाकेवर एकदम झटका असेल तर. हाताने ओढणारे थकतात, पायाने ढकलणारे जिंकतात.

प्रश्न : आदल्या दिवशी अंगणात काय तपासावं? – वाचक, कर्वेनगर

कपडे वाळत घालायची तार काढून ठेवा. मागे पाहत धावणाऱ्या मुलाच्या ती बरोबर गळ्याशी येते, आणि रोजची सवय असल्याने घरच्यांना ती दिसतच नाही. पाण्याच्या टाकीचं आणि ड्रेनेजचं झाकण हलत असेल तर त्यावर जड कुंडी ठेवा. नारळाचं झाड असेल तर वाळलेल्या झावळ्या आणि पक्के नारळ आधी उतरवून घ्या. सावलीच्या कडेच्या फरशीवर पावसाळ्यातलं शेवाळ राहिलेलं असतं, ते खराट्याने घासून काढा. फरशी ओली होईल असा पाण्याचा कोणताही खेळ ठेवू नका.

आखणीला खडूची फक्की किंवा रांगोळी वापरा. कळीचा चुना नको, घामाच्या हाताने डोळ्यात गेला तर डोळा भाजतो. रेघा काटकोनात हव्या असतील तर २४ फूट सुतळी घ्या, सहाव्या आणि चौदाव्या फुटावर गाठ मारा, दोन्ही टोकं जुळवा आणि तिघांनी तिन्ही जागी धरून ताणा. पहिल्या गाठीपाशी अचूक काटकोन मिळतो.

प्रश्न : गुण कसे द्यावेत? मागच्या वेळी पंचावरून पालकांचंच भांडण झालं. – वाचक, औंध

प्रत्येक खेळाला ४-३-२-१. लगोरीत आणि पोर्चच्या कामांत जिंकलेल्या सामन्याला २, बरोबरीला १ असं मोजून आधी क्रम लावा, मग त्या क्रमाचे हे गुण द्या. पहिल्या जागेवर दोघं बरोबर आले तर दोघांना साडेतीन. पहिल्याला १० आणि बाकीच्यांना शून्य असं केलं तर एक संघ साडेनऊलाच स्पर्धेतून बाहेर पडतो आणि उरलेले तीन तास नुसता फिरतो. शेवटच्या खेळाचे गुण दुप्पट करायला हरकत नाही, पण ते सकाळीच जाहीर केलेलं हवं. वजा गुण नकोत.

पंच म्हणून कॉलेजात जाणारे ताई-दादा बोलवा. ज्यांचं मूल खेळतंय त्यांनी त्या सामन्याची शिट्टी धरायची नाही. पंचाशी फक्त कप्तानाने बोलायचं, आणि प्रत्येक खेळाला कप्तान नवा. लगोरीत चेंडू लागला की नाही यावर वाद होणारच, तेव्हा पंचाला दिसलं नसेल तर तो डाव पुन्हा, एका सामन्यात एकदाच. “रडीचा डाव खडी” हे मुलांना सांगायची गरज नसते, पालकांना मात्र आधी एका ओळीचा निरोप पाठवा.

प्रश्न : ३० जणांचं खाणं-पिणं किती करावं? – आजी, नारायण पेठ

सकाळी पोहे, दुपारी पावभाजी. खेळण्याआधी मिसळ नको, तिखट-तेलकट पोटात घेऊन धावलं की मळमळतं. अडीच किलो जाडे पोहे, आणि आल्याबरोबर थोडे-थोडेच द्या. पावभाजीला १२० पाव, बटाटे ३ किलो, टोमॅटो २, फ्लॉवर दीड, मटार १, ढोबळी मिरची अर्धा किलो. भाज्या आदल्या संध्याकाळी मंडईतून आणून चिरून ठेवा.

पाण्याचे २० लिटरचे तीन जार पिण्यासाठी. दहा लिटर लिंबू सरबताला २० लिंबं, ६०० ग्रॅम साखर, लहान चमच्याने तीन सपाट चमचे मीठ. बर्फ विकतचा असेल तर सरबतात टाकू नका, भांड्याच्या बाहेरून लावा. प्रत्येकाच्या ग्लासवर नाव लिहिलं तर तीस ग्लास पुरतात, नाहीतर शंभर संपतात. शेंगदाणे किंवा दूध न चालणारं कोणी आहे का, हे बोलावतानाच विचारा. पोह्यात दाणे असतातच.

प्रश्न : मुलगे-मुली एकत्र खेळवावेत का? आणि कोणी खेळायचंच नाही म्हणालं, किंवा पाय मुरगळला तर? – एक बाबा, सिंहगड रोड. (आम्हाला हे मे महिन्यात करायचं आहे.)

एकत्रच. प्रत्येक संघात दोन्ही सारख्या प्रमाणात ठेवा आणि रस्सीखेचीत समोरासमोरच्या संघांत मुलींची संख्या सारखी करा. लगोरी रचायचं काम आलटून-पालटून सगळ्यांना द्या, नाहीतर मुलगे चेंडू घेऊन बसतात. मुलींसाठी कडी नीट लागणारी स्वच्छ बाथरूम, आत सॅनिटरी पॅड आणि झाकणाची कचरापेटी ठेवा. एखादी मधूनच बसते म्हणाली तर कारण विचारू नका.

मे महिन्यात पुण्याचा पारा दुपारी ३८-४० पर्यंत जातो आणि संध्याकाळी वळवाचा पाऊस विजांसकट येतो. सकाळी साडेसहा ते साडेनऊ एवढंच करा आणि रस्सीखेच वगळा. कोणी असंबद्ध बोलू लागलं, उलटी झाली, अंग तापलेलं वाटलं तर लगेच सावलीत आडवं करा, मानेला-काखेत ओली फडकी ठेवा, वारा घाला आणि १०८ला फोन करा. दम्याचा पंप असलेल्या मुलांचे पंप खिशात हवेत, दप्तरात नकोत.

मुरगळलेला पाय चोळू नका, बामही लावू नका. रुमालात गुंडाळलेला बर्फ पंधरा-वीस मिनिटं ठेवा आणि पाय उशीवर उंच ठेवा. पाय टेकवताच येत नसेल तर डॉक्टरांकडे न्या.

खेळायचं नाही म्हणणाऱ्याला सगळ्यांसमोर आग्रह करू नका. त्याच्या हातात घड्याळ किंवा गुणफलकाचा खडू द्या, खरं काम म्हणून. तिसऱ्या पाळीला एखाद्या संघात एक जण कमी पडला तर तो आपणहून उठतो. नाही उठला तरी शेवटपर्यंत सगळ्यांचे गुण त्याच्याच हातात असतात, आणि पुढच्या वेळी बोलावल्यावर तो येतो.